नव्याचा पगार जुन्यापेक्षा जास्त झाला, आता वाढ वाटू कशी?

प्रश्न: मी एका मध्यम आकाराच्या कंपनीत विभागप्रमुख आहे. हाताखाली नऊ जण आहेत. दरवर्षी व्यवस्थापन वाढीसाठी एक रक्कम देतं आणि कोणाला किती द्यायची हे मी ठरवतो. आजवर अंदाजानेच वाटत आलो. गेल्या वर्षी एक नवे सहकारी घेतले, तेव्हा बाजारभाव पाहून त्यांना जास्त पगार द्यावा लागला. सात वर्षं तेच काम करणाऱ्या एका सहकारी बाईंना तो आकडा कळला. त्यांनी विचारल्यावर मी 'बाजारात सध्या तोच दर आहे' असं सांगितलं, आणि पगाराची आपसांत चर्चा करू नका असं सगळ्यांना बजावलं. तेव्हापासून त्या माझ्याशी कामापुरतंच बोलतात. सहा आठवड्यांनी या वर्षीची वाढ जाहीर करायची आहे. एकूण पगाराच्या ८ टक्के रक्कम हातात आहे. ती न्यायाने कशी वाटू, आणि त्यांना काय सांगू?

उत्तर: सहा आठवडे पुरेसे आहेत. फक्त पहिले तीन आठवडे कोणाच्याही नावापुढे वाढीचा आकडा लिहू नका. वाढीचं गणित बिघडतं ते बहुतेक वेळा इथेच. आधी मनात आकडा येतो आणि मग त्याला शोभेल असं कारण शोधलं जातं. कारण आधी ठरलं असेल तर आकडा समोरच्याला तोंडावर सांगता येतो. मागाहून शोधलेलं असेल तर सांगताना जीभ अडखळते, आणि मग 'बाजार' किंवा 'बजेट' मदतीला येतं.

तुम्ही त्यांना दिलेलं उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं. नव्या सहकाऱ्यांना एवढा पगार का, हे त्यातून कळतं. सात वर्षं तेच काम करणाऱ्या व्यक्तीला कमी का, हे कळत नाही. त्या कामाचा बाजारातला दर खरोखर तेवढा असेल, तर तो त्यांनाही लागू आहे. तुमच्या उत्तरातून त्यांना ऐकू आलं ते असं की इथे दर कामाला नाही, बाहेरून नव्याने येणाऱ्याला आहे. वर बोलायलाही बंदी झाली. अशा माणसाने कामापुरतं बोलावं यात नवल नाही.

हे घडतं कसं तेही पाहा, कारण पुढच्या भरतीत ते पुन्हा घडणार आहे. नव्या माणसाचा पगार बाहेरच्या दराने ठरतो. आतल्या माणसाचा पगार मात्र गेल्या वर्षीच्या पगारावर काही टक्के लावून ठरतो. बाहेरचा दर एखाद्या वर्षी झपाट्याने चढतो, आतली वाढ आपल्या चालीने सरकत राहते. काही वर्षांत निष्ठेने राहिलेला माणूसच मागे पडतो. हे कोणी ठरवून करत नाही, पण कोणी ठरवलं नाही म्हणून ते न्याय्य होत नाही.

आता आकडे घेऊ. त्या कामाचा बाजारातला मधला वार्षिक पगार (निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना जास्त मिळतो तो) १०० धरा. तुमचे खरे आकडेही याच मापात बसवा: माणसाचा पगार भागिले त्या कामाचा मधला पगार, गुणिले १००. समजा त्या बाईंचा आकडा ७८ आला आणि नव्यांचा ९४. फरक १६ चा. दोघांनाही दरवर्षी सारखीच, ५ टक्के वाढ दिली तर पाच वर्षांनी बाईंचे होतील साधारण ९९.५ आणि नव्यांचे १२०. टक्केवारी अगदी समान, तरी फरक १६ वरून २०.४ वर गेला. या वर्षापासून पाच वर्षांतल्या फरकाची बेरीज ८८ च्या वर जाते, म्हणजे बाईंच्या आजच्या अख्ख्या वर्षाच्या पगारापेक्षा जास्त. 'सगळ्यांना सारखी टक्केवारी दिली, आणखी काय न्याय करायचा' असं म्हणणाऱ्या प्रत्येक प्रमुखाने हा हिशेब एकदा स्वतः करून बघावा. समान टक्केवारीने जुना फरक तसाच राहत नाही, तो वाढतो.

पहिल्या आठवड्यात एक तक्ता करा. नऊ जणांच्या नऊ ओळी. प्रत्येकापुढे प्रत्यक्ष काम, जबाबदाऱ्या, रुजू झाल्याची तारीख, रुजू होतानाचा पगार, आजचा पगार, मागच्या तीन वाढी, आठवड्याचे कामाचे तास आणि वर्षातली दीर्घ रजा लिहा. अर्धवेळ कोणी असेल तर पगार ताशी दरावर आणून मगच तुलना करा. हुद्द्याच्या नावावर जाऊ नका. एकाच हुद्द्याखाली दोन वेगळी कामं चालतात आणि दोन वेगळ्या हुद्द्यांखाली एकच काम, हे सर्रास दिसतं. कामाची तुलना चार कसोट्यांवर करा: लागणारं कौशल्य, लागणारे श्रम (शारीरिक आणि मानसिक दोन्ही), जबाबदारी आणि कामाची परिस्थिती. अमेरिकेच्या १९६३ च्या समान वेतन कायद्यात याच चार गोष्टी आहेत आणि युरोपीय संघाच्या २०२३ च्या वेतन पारदर्शकतेच्या निर्देशातही (निर्देश म्हणजे सदस्य देशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम). समान मूल्याच्या कामाला समान मोबदला, हे आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९५१ च्या १०० क्रमांकाच्या करारात मांडलेलं तत्त्व प्रत्यक्षात उतरवायचं तर 'मूल्य' मोजावं लागतं आणि त्यासाठी या कसोट्या आहेत.

श्रमांच्या रकान्यात एक चूक हमखास होते. वजन उचलणं, रात्री थांबणं, प्रवास हे श्रम डोळ्यांना दिसतात म्हणून मोजले जातात. चिडलेल्या ग्राहकाला रोज शांतपणे तोंड देणं, नव्या लोकांना शिकवणं, इतरांच्या चुका निस्तरणं हे दिसत नाही, म्हणून मोजलंच जात नाही. सात वर्षं एका जागी असलेल्या माणसाकडे ही न दिसणारी कामं आपोआप गोळा होतात. नव्या सहकाऱ्यांना काम कोणी शिकवलं, याचं उत्तर तक्त्यात लिहिलंत तर बऱ्याच गोष्टी उलगडतील.

तक्ता झाला की एकच काम करणाऱ्यांच्या जोड्या लावा. नऊ जणांत सरासरीला अर्थ नसतो, एखादा मोठा पगार सगळं चित्र फिरवतो. प्रत्येक जोडीतल्या फरकापुढे एका ओळीत कारण लिहा. टिकणारी कारणं मोजकीच आहेत: काम खरंच जास्त अवघड आहे, जबाबदारी जास्त आहे, त्या कामाला लागणारं एखादं सिद्ध कौशल्य एकाकडे आहे आणि दुसऱ्याकडे नाही, किंवा काही वर्षांचे निकाल नोंदींत स्पष्ट दिसतात. न टिकणारी कारणं त्याहून जास्त आणि तीच जास्त ऐकू येतात. 'आधीच्या नोकरीत त्यांना तेवढा होता.' 'त्यांनी मुलाखतीत घासाघीस केली, यांनी केली नाही.' 'या सोडून जाणार नाहीत.' 'त्यांच्यावर घर चालतं, यांच्या घरात दुसरी कमाई आहे.' यातलं एकही वाक्य कामाबद्दल नाही. जुना पगार हे कारण वरवर निरुपद्रवी वाटतं, पण एखाद्यावर आधीच्या ठिकाणी अन्याय झाला असेल तर तो त्या आकड्यातून तुमच्याकडे चालत येतो. उमेदवाराला आधीचा पगार विचारू नये, असं युरोपचा निर्देश सांगतो तो म्हणूनच.

कारणाची जागा कोरी राहिली की तो फरक दुरुस्तीच्या यादीत टाका. यादी झाल्यावर ती वेगळ्या नजरेने एकदा पाहा: मागे पडलेल्यांत बायकाच जास्त आहेत का, दीर्घ रजेवरून परतलेले आहेत का, एखाद्या विशिष्ट समाजाचे किंवा वयाचे आहेत का? तसं दिसलं तर तो तुमच्या बजेटचा विषय उरत नाही, कायद्याचा होतो. त्याच दिवशी एचआर आणि कंपनीच्या कायदेशीर सल्लागारांपर्यंत न्या. 'हळूहळू भरून काढू' असं एकट्याने ठरवू नका.

दुसरा आणि तिसरा आठवडा कामाच्या मूल्यमापनासाठी. इथे क्रमाला फार महत्त्व आहे. मूल्यमापन लिहून, तारीख टाकून बंद करा आणि त्यानंतरच पगाराचा तक्ता पुन्हा उघडा. पगार समोर असला की मन नकळत त्याला जुळणारा शेरा देतं: जास्त पगारवाला आहे म्हणजे चांगलाच असणार. निकष तीन किंवा चारच ठेवा आणि एका कामासाठी सगळ्यांना तेच. प्रत्येक निकषाला वर्षाच्या सुरुवातीचं, मधलं आणि अलीकडचं असं किमान एकेक उदाहरण लिहा. हे बंधन घातलं नाही तर गेल्या दोन महिन्यांचं कामच वर्षाचं काम होऊन बसतं. एखाद्याचं उदाहरण आठवत नसेल तर त्याचा दोष त्याच्या माथी मारू नका. तुमच्या नोंदी कमी पडल्या आहेत, त्याच्याकडूनच मागवून घ्या. चार महिने रजेवर असलेल्या व्यक्तीचं उरलेल्या आठ महिन्यांचं काम आठ महिन्यांच्या मापाने मोजा, बारा महिन्यांच्या बेरजेशी तुलना करू नका. आणि शक्य असेल तर हे काम जवळून पाहणाऱ्या दुसऱ्या कोणाकडून तुमचे शेरे न दाखवता वेगळे शेरे मागवा. जिथे दोघांचं जमत नाही तिथे बसून बोला. बहुतेक वेळा एकाला माहीत असलेली गोष्ट दुसऱ्याला माहीत नसते.

शेरे नीट झाले की काम झालं असं मात्र समजू नका. एमिलियो कास्तिया या संशोधकांनी २००८ साली एका मोठ्या कंपनीच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात सारखंच रेटिंग मिळालेल्या स्त्रियांना आणि अल्पसंख्याकांना वाढ मात्र कमी मिळाल्याचं दिसलं. पक्षपात शेऱ्यात नव्हता, शेऱ्याचं पैशात रूपांतर होताना शिरत होता. पुढे वाढीच्या निर्णयांवर देखरेख सुरू झाली आणि कोणत्या प्रमुखाने कशी वाढ दिली हे वरिष्ठांना दिसू लागलं, तेव्हा ही तफावत घटली. हे दाखवणारा त्यांचाच अभ्यास २०१५ चा. तुमच्यासाठी यातून निघणारी गोष्ट सरळ आहे. शेऱ्यावरून वाढ काढण्याचा नियम आधी लिहा आणि तक्ता, नियम, आकडे हे सगळं जाहीर करण्यापूर्वी एका बाहेरच्या माणसाकडून तपासून घ्या.

चौथ्या आठवड्यात पैसे. समजा वरच्याच मापात विभागाचा एकूण पगार ८१० आहे. त्याचे ८ टक्के म्हणजे सुमारे ६५. हे सगळे एकाच ढिगाऱ्यात ठेवू नका. त्याचे तीन भाग करा: दुरुस्तीसाठी १५, कामानुसार वाढीसाठी ४५, आणि नंतर सापडणाऱ्या चुकांसाठी ५. दुरुस्ती आणि वाढ एकत्र केली की मागे पडलेल्या माणसाला 'या वर्षी सर्वात मोठी वाढ तुम्हाला' असं सांगितलं जातं. ते त्याला उपकारासारखं लागतं आणि इतरांना लाडासारखं. दोन्ही चूक. जुनी चूक भरून काढणं हे बक्षीस नाही.

दुरुस्तीच्या १५ मधून त्या बाईंना ७८ वरून ८८ वर आणलं तर १० खर्च होतात. उरलेले ५ यादीतल्या पुढच्या व्यक्तीसाठी. सर्वांत आधी श्रेणीच्या तळाच्याही खाली गेलेल्यांना वर आणा (मधल्या पगाराच्या ८० ते १२० टक्के अशी श्रेणी बऱ्याच ठिकाणी धरतात), मग कारण नसलेल्या मोठ्या फरकांकडे वळा.

आता कामानुसार वाढ. तिचा दर दोन गोष्टींवर ठेवा: शेरा काय आणि माणूस श्रेणीत कुठे उभा आहे. उदाहरणार्थ, चांगलं काम आणि आकडा ९० च्या आत असेल तर ७ टक्के, ९० ते ११० मध्ये ५ टक्के, ११० च्या वर ३ टक्के. उत्कृष्ट कामाला प्रत्येक खान्यात २ टक्के जास्त. काम कमी पडत असेल तर खालच्या खान्यात २ टक्के आणि वर शून्य. यामुळे सारख्याच चांगल्या कामाला खालचा माणूस जास्त वेगाने वर येतो. त्या बाई ८८ वरून ७ टक्क्यांनी ९४.२ वर जातील, नवे सहकारी ९४ वरून ५ टक्क्यांनी ९८.७ वर. १६ चा फरक एका वर्षात ४.५ वर आला, आणि कोणाचाही पगार कापावा लागला नाही. उरलेला फरक कधी आणि कसा संपेल हे त्याच कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या वर्षी त्या खुर्चीत तुम्ही असालच असं नाही.

सगळ्यांचे आकडे काढून बेरीज करा. ती ४५ च्या जागी ५० आली तर एखाद्या गप्प राहणाऱ्या माणसाची वाढ छाटून हिशेब जुळवायचा मोह होतो. तो टाळा. प्रत्येक दराला ०.९ ने गुणा: ७ चे ६.३, ५ चे ४.५. कात्री सगळ्यांना सारखी लागली पाहिजे. आणि वाढीऐवजी एकरकमी बोनस देऊन दुरुस्ती झाली असं मानू नका. बोनस एकदाच मिळतो. पगारात मिळालेल्या रकमेवर पुढच्या प्रत्येक वर्षी वाढ चढते, आणि जिथे निवृत्तीची बचत पगाराशी जोडलेली असते तिथे तीही.

दुसऱ्या कंपनीचं नोकरीचं पत्र टेबलावर ठेवणाऱ्याचा प्रश्न या सहा आठवड्यांत नक्की येईल. त्याला थांबवण्यासाठी नियमाबाहेर रक्कम दिलीत, तर बाकी आठ जणांना एकच धडा मिळतो की इथे वाढ चांगल्या कामाने मिळत नाही, राजीनाम्याच्या धमकीने मिळते. त्याच्या मागणीवरून बाजारातला दर खरंच चढला आहे असं दिसत असेल तर त्या कामाचा मधला पगार सगळ्यांसाठी पुन्हा काढा. नसेल चढला, तर त्याला शुभेच्छा देऊन जाऊ द्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

पाचव्या आठवड्यात तपासणी. नावं झाकून फक्त काम, शेरा, आधीचा आणि नवा आकडा एवढंच ठेवा आणि ते एचआरमधल्या किंवा दुसऱ्या विभागातल्या जाणत्या व्यक्तीला द्या. त्यांनी प्रत्येक आकड्यावर एकच विचारायचं: हा असाच का? लिहिलेल्या नियमातून उत्तर निघालं तर पुढे. 'त्याचं जरा वेगळं आहे' असं तुम्हाला म्हणावं लागलं, तर तिथे एकतर नियम अपुरा आहे किंवा आकडा चुकला आहे. अपवाद करायला हरकत नाही, पण कारणासह लिहा आणि तशाच परिस्थितीतल्या प्रत्येकाला लावा.

मग सांगण्याचा आठवडा, आणि यात कंजुषी करू नका. जेराल्ड ग्रीनबर्ग या संशोधकांनी १९९० साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास या विषयात नेहमी सांगितला जातो. एका कंपनीने कंत्राटं गेल्यामुळे आपल्या दोन कारखान्यांत १० आठवड्यांसाठी पगार १५ टक्क्यांनी कमी केला. तिसऱ्या कारखान्यात कपात झाली नाही. कपात झालेल्यांपैकी एका ठिकाणी सुमारे दीड तास बसून कारणं, आकडे सांगितले, खेद व्यक्त केला आणि प्रश्नांना उत्तरं दिली. दुसरीकडे पंधरा मिनिटांत थोडक्यात उरकलं. कारखान्यातल्या वस्तू चोरीला जाण्याचं प्रमाण दोन्हीकडे वाढलं, पण जिथे उरकून टाकलं तिथे कितीतरी जास्त. कपात तेवढीच होती. फरक पडला तो समजावून सांगण्याने आणि सांगताना दाखवलेल्या आस्थेने.

तेव्हा प्रत्येकाला एकेकटं, अर्धा तास काढून, सॅलरी स्लिप हातात पडण्यापूर्वी भेटा. आकडा पहिल्या मिनिटात सांगा, कारण तो कळेपर्यंत समोरच्याच्या कानात दुसरं काही शिरत नाही. मग या कामाची श्रेणी कुठून कुठपर्यंत आहे, ते त्यात कुठे आहेत, शेरा काय आणि कशावरून, आणि पुढच्या वर्षी आकडा कशाने बदलेल हे सांगा. शेवटी, यात काही चुकलं आहे असं वाटलं तर कोणाला, कसं आणि किती दिवसांत लिहायचं ते सांगा. राखून ठेवलेले ५ यासाठीच आहेत. तीन आठवड्यांची मुदत द्या, तक्रार तुमच्याकडे नाही तर तुमच्या वरच्या व्यक्तीकडे जाऊ द्या, आणि उत्तर लेखी असू द्या. न्याय्य प्रक्रियेची लक्षणं जेराल्ड लेव्हेन्थल या मानसशास्त्रज्ञांनी १९८० साली मांडली. सगळ्यांना सारखा नियम, पक्षपातापासून दूर राहणं, अचूक माहिती, नीतीला धरून असणं, ज्यांच्यावर परिणाम होतो त्यांचं म्हणणं विचारात घेणं आणि चूक सुधारण्याची सोय, ही ती सहा. शेवटचं लक्षण कार्यालयांत सर्वांत दुर्मीळ असतं. राखीव रक्कमच नसेल तर तक्रारीची पेटी नुसती शोभेची.

दोन वाक्यं मात्र तोंडातून काढू नका. 'तुमच्यासाठी मी वर भांडलो' हे ऐकून माणसाला कळतं की इथे नियम नाही, वशिला आहे. आणि 'बजेट नव्हतं' हे इतरांना मिळालेलं असताना खरं नसतं. बजेट होतं, त्याचा प्राधान्यक्रम तुम्ही ठरवलात.

पगाराची चर्चा करू नका ही सूचना मागे घ्या, तीही सगळ्यांसमोर. युरोपच्या निर्देशानुसार समान वेतनाचा हक्क बजावण्यासाठी आपला पगार उघड करायला कर्मचाऱ्याला मनाई करता येत नाही. अमेरिकेत १९३५ च्या कामगार संबंध कायद्याखाली बहुतेक खासगी कर्मचाऱ्यांना एकमेकांशी पगाराबद्दल बोलायचा हक्क आहे. तुमच्या इथला कायदा एचआरला विचारून घ्या, पण कायदा काहीही असो, बंदीने बोलणं थांबत नाही, फक्त तुमच्या मागे होतं. उलट बाजूही सांगायला हवी. नुसते आकडे उघडे टाकूनही भागत नाही. अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांवर केलेला अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. सहकाऱ्यांचे पगार कुठे पाहता येतात हे काही जणांना कळवलं, तेव्हा आपल्या गटात खाली असलेल्यांचं समाधान घटलं आणि त्यांच्यात दुसरी नोकरी शोधायचा विचार वाढला. वर असलेल्यांना काहीच फरक पडला नाही. म्हणून आधी नियम आणि श्रेणी उघड करा. कोणाचा नेमका पगार तुम्ही सांगायचा नाही. ज्याचा त्याला सांगायचा असेल तर तो सांगेल.

पुढच्या भरतीसाठी आत्ताच एक पायरी घालून ठेवा. उमेदवाराला आकडा कळवण्याआधी तेच काम करणाऱ्या आतल्या लोकांचे आकडे त्याच्या शेजारी लिहा. नवा आकडा कारणाशिवाय त्यांच्या वर जात असेल, तर भरतीच्या खर्चात त्यांची दुरुस्तीही धरा आणि दोन्हीची मंजुरी एकत्र मागा. व्यवस्थापनाला हे महाग वाटेल. त्यांना सांगा की हा खर्च नव्या माणसामुळे आलेला नाही, तो गेली काही वर्षं जुन्या माणसाच्या खिशातून चालला होता. जाहिरातीतच पगाराची श्रेणी छापा, म्हणजे घासाघीस करणारा आणि न करणारा दोघं एकाच चौकटीत येतात.

राहिल्या त्या बाई. सहा आठवडे थांबू नका, याच आठवड्यात भेटा. स्वतःच्या अडचणी सांगण्यात वेळ घालवू नका. एवढं पुरे: 'तुम्ही विचारलंत तेव्हा मी अर्धं उत्तर दिलं. बाजाराचा दर तुमच्या कामालाही लागू आहे, हे मी तेव्हा म्हणायला हवं होतं. पगाराबद्दल बोलू नका म्हणालो तेही चुकलं, त्याबद्दल माफी मागतो. सगळ्यांचे पगार मी कामाप्रमाणे पुन्हा तपासतोय. तुमच्या कामात काय काय येतं याची यादी मला करून द्या, विशेषतः जे तुमच्या कामाच्या वर्णनात लिहिलेलं नाही ते.' मग थांबा आणि त्यांना बोलू द्या. त्या चिडल्या तर चिडू द्या, मध्ये खुलासा करू नका, लिहून घ्या.

त्या लगेच आकडा मागतील. तो देऊ नका, कारण तपासणी झालेली नाही आणि दिलेला शब्द फिरवावा लागला तर उरलासुरला विश्वासही जाईल. तारीख द्या: चौथ्या आठवड्याचा अमुक दिवस, त्या दिवशी दुरुस्तीच्या यादीत त्या आहेत की नाहीत आणि का, हे लेखी मिळेल. 'आणि गेल्या वर्षीच्या फरकाचं काय?' हा प्रश्नही येईल. तो रास्त आहे. मागील फरकाची रक्कम देण्याचा अधिकार तुमच्याकडे नसेल तर तसं सांगा आणि त्यांच्या देखत व्यवस्थापनाला ई-मेल लिहा: फरक किती, किती महिन्यांचा, कारण का सापडलं नाही, आणि तुमची शिफारस काय. त्याची एक प्रत त्यांना द्या.